मशीन घेण्याआधी माल दाखवा! सॉफ्टवेअरवाल्यांकडून शिकण्यासारखी एक सवय



मागच्या व्हिडिओखाली एका ताईंनी विचारलं होतं, "मॅडम, नाचणीच्या बिस्किटांचा व्यवसाय सुरू करतेय. ओव्हनसाठी साडेतीन लाखांचं कर्ज मंजूर झालंय. गाळ्याचं डिपॉझिट येत्या सोमवारी द्यायचंय. लोगो झाला, बोर्डही झाला. आता मार्केटिंग कसं करू?"

मी त्यांना उलट एकच प्रश्न विचारला. घरातल्या माणसांशिवाय आजवर किती जणांनी ही बिस्किटं खाल्लीत?

उत्तर आलं, "अजून कुणीच नाही. सगळं व्यवस्थित तयार झालं की एकदमच दाखवणार आहे."

हे वाचून मला माझे पाऊच आठवले. प्रशिक्षण द्यायला लागण्याआधी मी चटण्या विकायचे. पहिली चटणी विकायच्या आधीच पाव किलोचे पाच हजार पाऊच छापून घेतले होते, कारण जास्त छापले की दर कमी पडत होता. गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, "आधी शंभर ग्रॅम द्या, चव बघतो." प्रत्येक जण तेच म्हणाला. ते पाऊच कितीतरी वर्षं आमच्या पलंगाखाली पडून होते. म्हणून सांगते, "सगळं तयार झालं की एकदम" या वाक्यात आपल्यासारख्यांचे पैसे सगळ्यात जास्त बुडतात.

यावर उपाय काय? तो मला सापडला सॉफ्टवेअर बनवणाऱ्या लोकांत. त्यांना डेव्हलपर म्हणतात. बिस्किटांचा आणि सॉफ्टवेअरचा काय संबंध, असं वाटेल. पण पाच मिनिटं द्या, संबंध दिसेल.

त्यांची पद्धत काय असते?

डेव्हलपर नवीन काही बनवतो तेव्हा ते पूर्ण होईपर्यंत लपवून ठेवत नाही. जेमतेम चालायला लागलं की आपल्यासारख्याच दुसऱ्या डेव्हलपर मंडळींना दाखवतो. सोबत साधं सरळ सांगतो: हे काय आहे, कशासाठी बनवलं, आत्ता काय चालतं, काय चालत नाही, आणि तुम्ही वापरून बघा, चुका सांगा. व्हर्जनचा आकडासुद्धा ०.१ असा देतात. म्हणजे अजून "एक" सुद्धा झालेलं नाही, हे आकड्यातच कबूल!

आता खरी उदाहरणं बघू.

उदाहरण पहिलं: "हा माझा छंद आहे" म्हणणारा विद्यार्थी

साल १९९१. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. तो घरच्या कॉम्प्युटरसाठी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होता. त्या वेळी शिकण्यासाठी मिनिक्स नावाची सिस्टीम वापरली जायची. २५ ऑगस्टला लिनसने मिनिक्स वापरणाऱ्या लोकांना कळवलं की एप्रिलपासून मी असं काहीतरी बनवतोय, हा छंद आहे, फार मोठं वगैरे काही होणार नाही. आत्ता कोणते दोन प्रोग्रॅम त्यावर चालतात, तेही सांगितलं. आणि विचारलं, तुम्हाला मिनिक्समधलं काय आवडतं, काय आवडत नाही? सूचना करा, पण त्या सगळ्या अमलात आणीनच असं वचन देत नाही.

ही सिस्टीम म्हणजे लिनक्स. पुढच्या महिन्यात ०.०१ व्हर्जन आलं, साधारण दहा हजार ओळींचं. १.० यायला मार्च १९९४ उजाडलं. म्हणजे "पूर्ण" म्हणण्याच्या अडीच वर्षं आधीपासून लोक ते वापरत होते, दुरुस्त करत होते. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर लिनक्सवरच चालतात.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? त्याने कुणाला दाखवलं ते बघा. नातेवाइकांना नाही. मिनिक्स रोज वापरून ज्यांना त्याच्या अडचणी माहीत होत्या, त्यांना. आत्या, मावशी, शेजारच्या काकू "छान झालंय गं" म्हणणारच. त्यांचं प्रेम खरं आहे, पण त्यावर कर्जाचा हप्ता फिटत नाही.

उदाहरण दुसरं: तीन मिनिटांचा व्हिडिओ

ड्रू हाउस्टन हा अमेरिकेतला तरुण. बसने न्यूयॉर्कला निघाला आणि लक्षात आलं की पेनड्राइव्ह घरीच राहिला. सगळं काम त्यात. हा घोळ कायमचा मिटवायचा म्हणून त्याने ड्रॉपबॉक्स बनवायला घेतलं. फाइल एका कॉम्प्युटरवर ठेवायची, ती आपोआप दुसऱ्यावरही दिसणार.

एप्रिल २००७ मध्ये त्याने हे डेव्हलपर मंडळींना दाखवलं. एकाने लगेच सुनावलं की लिनक्स वापरणारा माणूस हे काम आहेत तीच साधनं जोडून स्वतः सहज करू शकतो, यात विशेष काय? ही प्रतिक्रिया पुढे प्रसिद्ध झाली. गंमत म्हणजे तो माणूस स्वतःपुरता बरोबरच होता. त्याला ते खरंच जमलं असतं! पण ड्रॉपबॉक्सचं गिऱ्हाईक तो नव्हताच. ज्यांना ती साधनं जोडता येत नाहीत, ती माणसं गिऱ्हाईक होती.

तुमच्याही बाबतीत हेच होणार. "बिस्किटं काय, मी घरीच करते" असं कुणीतरी म्हणेल. बरोबर आहे, ती करतच असेल. तिला पटवत बसू नका. जिला वेळ नाही, जिच्या मुलाला डब्यात रोज काहीतरी हवंय, तिला गाठा.

पुढे मार्च २००८ मध्ये हाउस्टनने साधारण तीन मिनिटांचा आणखी एक व्हिडिओ टाकला. ड्रॉपबॉक्स अजून सगळ्यांसाठी खुलं झालेलं नव्हतं, ते त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये झालं. वाट बघणाऱ्यांच्या यादीत आधी ५,००० नावं होती. एका रात्रीत ती ७५,००० झाली. सगळ्या प्रकारच्या कॉम्प्युटरवर हे नीट चालवणं फार कष्टाचं काम होतं. ते सगळं संपायच्या आधीच लोकांना हे हवंय याचा अंदाज त्याला आला. मार्च २०१८ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली.

उदाहरण तिसरं: पाच मिनिटांत धंदाच बदलला

डॉटक्लाउड नावाची एक कंपनी होती. दुसऱ्यांची ॲप्स आपल्या कॉम्प्युटरवर चालवून द्यायची, हा तिचा धंदा. त्यासाठी आतल्या आत त्यांनी एक साधन बनवलं होतं. सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात बंद करायचं. तो डबा कुठेही उघडला तरी आतलं सॉफ्टवेअर तसंच चालणार. मार्च २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे पायथॉन भाषेच्या डेव्हलपर्सचं संमेलन होतं. तिथे कंपनीच्या सॉलोमन हाइक्सने पाच मिनिटांत हे साधन दाखवलं. त्याचं नाव डॉकर.

डेव्हलपर त्यावर अक्षरशः तुटून पडले. त्याच वर्षी कंपनीने स्वतःचं नाव बदलून डॉकर केलं. पुढच्या वर्षी जुनी सेवा विकून टाकली. ज्याला ते आतलं अवजार समजत होते, लोकांना तेच हवं होतं!

दाखवल्याशिवाय हे कळलंच नसतं. कदाचित तुमच्या बिस्किटांपेक्षा लोक नाचणीचं तयार पीठच जास्त मागतील. मग साडेतीन लाखांच्या ओव्हनचं काय करणार?

आणि न दाखवणाऱ्याचं काय झालं?

ड्यूक न्यूकेम फॉरेव्हर नावाचा कॉम्प्युटर गेम १९९७ मध्ये जाहीर झाला. जाहिरात झाली, पण खेळणाऱ्यांच्या हातात गेम काही पडेना. मध्येच पाया बदलला, पुन्हा नव्याने काम सुरू. शेवटी गेम बाजारात आला जून २०११ मध्ये. चौदा वर्षं! तोवर खेळणाऱ्यांची आवड बदलली होती आणि समीक्षकांनी त्याला झोडपलं. "अजून थोडं चांगलं करू" याला अंत नसतो.

आपल्या मुंबईतलं उदाहरण

सगळी उदाहरणं परदेशातलीच का, असं कुणी म्हणायला नको. मुंबईचे ऋषभ मेहता यांच्या घरचा फर्निचरचा व्यवसाय. हिशेब, साठा, ऑर्डर हे सगळं एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर तिथे हवं होतं. बाहेरचं नीट बसेना, म्हणून त्यांनी स्वतः लिहायला घेतलं. त्यातून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं. त्याचा कोडही सगळ्यांसाठी खुला ठेवला. आज अनेक देशांतल्या कंपन्या ते वापरतात. अडचण घरच्या धंद्यातली होती, त्यामुळे कुठे दुखतं हे त्यांना नेमकं माहीत होतं. तुमची सुरुवातही अशीच जवळच्या, ओळखीच्या अडचणीतून होऊ दे.

आता तुमची पाळी: पाच ओळींची घोषणा

डेव्हलपर सांगतात तसंच आपण सांगायचं. बिस्किटवाल्या ताईंसाठी मी हे लिहून दिलं:

१. काय आहे: नाचणी आणि गुळाची बिस्किटं, मैदा नाही.
२. कुणासाठी: शाळेच्या डब्यासाठी.
३. आत्ता काय तयार आहे: १०० ग्रॅमची फक्त ३० पाकिटं.
४. काय अजून जमलेलं नाही: थोडी जास्त ठिसूळ होतात. दोन आठवड्यांनंतर चव कशी राहते ते अजून बघतेय.
५. मला काय हवंय: पैसे देऊन एक पाकीट घ्या आणि आठ दिवसांनी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

चौथी ओळ लिहायला हात कचरतो, मला माहीत आहे. पण तीच ओळ वाचून समोरचा खरं बोलायला लागतो. तुम्ही आधीच एक दोष सांगितला की त्याला दुसरा सांगायला संकोच वाटत नाही.

तीन प्रश्न कोणते? किती दिवसांत संपली? कुणी खाल्ली, मुलांनी की मोठ्यांनी? पुन्हा घ्याल का, आणि आज आगाऊ पैसे द्याल का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ड्रॉपबॉक्सच्या यादीत नाव घालायला पैसे लागत नव्हते. आपल्याला ती चैन परवडत नाही. "घेईन की" म्हणणारे वीस आणि पन्नास रुपये आगाऊ देणारे पाच असतील, तर वहीत पाचच लिहा.

तुमच्या मनातल्या तीन शंका

*"कुणी आयडिया चोरली तर?"* दाखवणं वेगळं आणि देऊन टाकणं वेगळं. लिनस आणि डॉकरवाल्यांनी कोडसुद्धा खुला केला. हाउस्टनने फक्त काम कसं चालतं ते दाखवलं, कोड स्वतःकडेच ठेवला. तुम्ही बिस्कीट दाखवा, प्रमाण सांगू नका.

*"कच्चा माल दिला तर नाव खराब होईल."* अर्धवट म्हणजे निकृष्ट नव्हे. पॅकिंग साधं चालेल, प्रकार एकच चालेल, छापील पाऊचऐवजी हाताने लिहिलेलं लेबल चालेल. पण स्वच्छता, साहित्याची यादी आणि बनवल्याची तारीख यात सूट नाही. खाण्याचं काही विकणार असाल तर एफएसएसएआयची नोंदणी आधी, विक्री नंतर.

*"प्रत्येकाचं ऐकलं तर वेड लागेल."* म्हणूनच लिनसने आधीच सांगून ठेवलं होतं ना! ऐका सगळ्यांचं, लिहून ठेवा सगळं. बदल मात्र तोच करा जो पैसे देणाऱ्या चार-पाच जणांनी वेगवेगळा, न विचारता सांगितलाय. आणि बदल केला की त्यांना कळवा: "तुम्ही म्हणालात म्हणून गूळ कमी केला." डेव्हलपर प्रत्येक नव्या व्हर्जनसोबत काय काय बदललं याची यादी देतात. आपलं ऐकलं गेलं हे कळलं की माणूस परत येतो.

त्या ताईंना मी काय सांगितलं?

कर्ज नको असं मी म्हटलं नाही. बँकेला भेटून पैसे उचलायला थोडी मुदत मिळते का ते विचारा, असं सांगितलं. गाळेवाल्याकडेही पंधरा दिवस मागा. तोवर दिवाळीत आपण नानकटाई बेकरीतून भाजून आणतो, तशीच तीन किलो बिस्किटं भाजून आणा. तीस पाकिटं, तीस अनोळखी गिऱ्हाइकं. त्यातल्या दहांनी पुन्हा पैसे देऊन मागितली तर ओव्हनचा विचार पक्का करा. दोघांनीच मागितली, तर काय चुकलं हे फक्त तीन किलोंच्या खर्चात कळलं.

थोडा वेळ त्यांच्याकडून काहीच आलं नाही. मग लिहिलं, "बोर्डाचे पैसे तर गेलेच मॅडम." मी म्हटलं, माझे पाऊच आठवा आणि बोर्डावरच थांबा.

आजचा गृहपाठ: तुमच्या व्यवसायाची पाच ओळींची घोषणा वहीत लिहा. चौथी ओळ रिकामी सोडायची नाही! मग व्हिडिओखाली टाका. मी वाचते आणि उत्तरही देते. घरचं कुणी नाही अशा पहिल्या तीन जणांना या आठवड्यात तुमचा माल दाखवा. मशीन, गाळा, बोर्ड यांचं बोलणं त्यानंतर.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोवर कामाला लागा!