काचेवरचा कोहरा आतून येतो



गेल्या संक्रांतीला मी, सौ., चिरंजीव आणि सूनबाई असे चौघे गाडीने ओरछ्याला बेतवास्नानाला गेलो होतो. परत निघायला संध्याकाळ झाली. झाशी मागे पडली, दतिया गेले आणि डबऱ्याच्या अलीकडे समोरची काच पांढरी होऊ लागली. वायपर लावला, फरक नाही. हाताने पुसली, तर समोरून येणाऱ्या दिव्यांच्या रेघाच रेघा दिसू लागल्या. तेवढ्यात सौ. ओरडली म्हणून मी ब्रेक दाबला. दहा-बारा हातांवर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती, मागे दिवा नाही.

बाहेर कोहरा होता (ग्वाल्हेरात आपण धुके कुठे म्हणतो!), पण विरळ. बाजूची काच खाली केली तर ट्रॉली आणि तिच्या पुढची झाडेही दिसत होती. दाट कोहरा गाडीच्या आत होता आणि तो आम्हीच तयार केला होता.

घरी आल्यावर या विषयाच्या मागे लागलो. जन्मभर बँकेत जमा-खर्च पाहिला, त्यामुळे हाही हिशोब मांडून पाहिला. हवा जितकी गरम तितकी तिच्यात पाण्याची वाफ जास्त मावते. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम पाणी मावते, १० अंशाच्या हवेत जेमतेम ९ ग्रॅम. मोटारीच्या आत धरून चाला तीन घनमीटर हवा. म्हणजे १० अंशाच्या थंडगार काचेला टेकणारी हवा, गाडीभर मिळून २७-२८ ग्रॅमच्या वर पाणी असले की ते काचेवर सोडू लागते. आता जमेची बाजू. स्वस्थ बसलेला माणूस नुसत्या श्वासातून तासाला १५ ते २० ग्रॅम पाणी बाहेर टाकतो. आम्ही चौघे, शिवाय डिकीत ओले पंचे आणि साड्या, थर्मासमधला चहा. सगळे बंद असेल तर काच पांढरी व्हायला अर्धा तासही लागत नाही.

आणि सगळे बंद मीच केले होते. थंडी आत येऊ नये म्हणून निघतानाच ते बटण दाबले होते, ज्यावर मोटारीच्या चित्रात गोल वळलेला बाण असतो. त्याने बाहेरची हवा बंद होते आणि आतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. उन्हाळ्यात गाडी लवकर गार व्हायला ते उपयोगी, थंडीत नेमके उलटे. थंडीत ते बंद ठेवायचे, म्हणजे बाहेरची हवा आत येते.

इथे सौ.ने बरोबर शंका काढली. बाहेर एवढा कोहरा, ती ओली हवा आत घेऊन काच कोरडी कशी होणार? मलाही हे पटायला वेळ लागला. पण ८ अंशाची हवा कोहऱ्याने काठोकाठ भरलेली असली तरी तिच्यात घनमीटरला वाफ असते ८ ग्रॅमच्या आसपास. तीच हीटरमधून २० अंशाची होऊन आली की तिच्यात १७ ग्रॅम मावू शकतात, म्हणजे ती अर्धी रिकामी झाली. ती काचेवरचे पाणी उचलते आणि मागच्या झडपांतून बाहेर जाते. हीटरला पेट्रोल-डिझेलच्या गाडीत वेगळा खर्च नाही, इंजिनाची वाया जाणारी उष्णताच तो वापरतो. इंजिन तापेपर्यंत चार-पाच मिनिटे धीर धरावा लागतो एवढेच. (विजेच्या गाडीत मात्र तो बॅटरी खातो.)

थंडीत एसी लावा म्हटले की आपल्या वयाची मंडळी हसतात. पण हीटरबरोबर एसी लावला तर हवा आधी एसीच्या थंड नळ्यांवरून जाते, तिचे पाणी तिथेच गळते आणि मग कोरडी हवा तापून काचेवर येते. उन्हाळ्यात उभ्या गाडीखाली पाणी ठिबकते ना, तेच हे पाणी. पंख्याच्या आकाराच्या काचेवर तीन नागमोडी बाण असलेले बटण हवा समोरच्या काचेवर सोडते. चौकोनी काचेचे बटण मागच्या काचेच्या तारा तापवते. बाहेर चार-पाच अंशांखाली पारा गेला की बऱ्याच गाड्यांचा एसी चालतच नाही. तेव्हा गरम ताजी हवा आणि बोटभर उघडी काच, यावरच काम भागवायचे.

काच हाताने पुसू नये. हाताचे तेल लागते आणि रात्री समोरचे दिवे फाकतात. एरवीही काचेवर आतून एक चिकट थर बसत असतो; डॅशबोर्डवरच्या गणपतीला उदबत्ती लावणाऱ्यांच्या गाडीत जास्तच. मळक्या काचेवर बाष्प लवकर धरते. पंधरा दिवसांतून एकदा आतून साबणाच्या पाण्याने पुसून कोरड्या मऊ फडक्याने घासावी. दाढीचा फेस अगदी पातळ लावून पूर्ण पुसून काढला तरी काही दिवस काच स्वच्छ राहते. हा चिरंजीवांचा उपाय, मी हसलो होतो, पण लागू पडला.

रात्री गाडी ठेवण्यापूर्वी दोन मिनिटे चारही दारे उघडावीत, म्हणजे आतली दमट हवा निघून जाते. ओले कपडे, ओल्या चपला, नर्सरीतून आणलेली रोपे गाडीत राहू देऊ नयेत. पायाखालचे मॅट उचलून खालचा गालिचा हाताने चाचपा. तो ओला असेल तर सिलिका जेलच्या पुड्या ठेवून काही होणार नाही, आधी तो उन्हात वाळवायला हवा. आणि हीटर लावल्यावर गोडसर वास येत असेल, काचेवर तेलकट थर पुन्हा पुन्हा धरत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता आहे. तिथे फडके चालत नाही, गाडी मेकॅनिककडेच न्यावी.