शेवटच्या रांगेपर्यंत शब्द : मंडळासाठी माईक निवडताना

दरवर्षी एप्रिल महिना जवळ आला की आपल्या वस्त्यांतून दोन गोष्टींची जुळवाजुळव सुरू होते. एक वर्गणीची आणि दुसरी साऊंडची. वर्गणीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. साऊंडच्या बाबतीत मात्र 'ज्याचा मंडप, त्याचाच माईक' एवढाच विचार होतो. आम्हीही पुष्कळ वर्षे तसेच करीत आलो. त्याची किंमत कोण मोजते, हे एका जयंतीच्या रात्री आमच्या लक्षात आले.

त्या रात्री आमच्या वस्तीतील एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी प्रथमच स्टेजवर गायला उभी राहिली. विहारात तिचे गाणे सर्वांनी ऐकलेले होते. तिने पहिले कडवे सुरू केले आणि मागच्या रांगेतून एक आजीबाई ओरडल्या, "काय म्हनी ऱ्हायनी, काही समजस नही!" साऊंडवाल्याने मशीनचा आवाज वाढवला, तशी भोंग्याने शिट्टी मारली. आवाज कमी केला की शब्द जात, वाढवला की शिट्टी येई. तिसऱ्या कडव्याआधीच ती मुलगी खाली उतरली. नंतर आम्हाला म्हणाली, "काका, माझा आवाजच बारीक आहे. मी नाही गाणार आता."

तिचा आवाज बारीक नव्हता. माईक भाषणाचा होता, तो तिच्या तोंडापासून वीतभर दूर होता, आणि स्टेजच्या मागच्या बांबूंना बांधलेले दोन्ही भोंगे थेट त्या माईकच्या तोंडात वाजत होते. पण दोष गेला मुलीच्या गळ्याकडे. पुढच्या सभेत मंडळाने स्वतःचे माईक घेण्याचा ठराव केला आणि खरेदीचे काम आमच्यावर आले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि चुकून शिकलो, ते येथे मांडीत आहोत. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना यातील काही भाग पुस्तकात भेटलेला असेलच.

माईक नव्हता तेव्हाही आपले गाणे होते. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांचे जलसे १९३०च्या दशकात गावोगाव गाजले. त्याच जिल्ह्यातील वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी आयुष्यभर फिरून गाणे लोकांपर्यंत नेले. उघड्या मैदानात उंच पट्टी लावून, छातीतून आवाज काढून गाणे ही त्या काळाची गरज होती. आजच्या मुलामुलींनी तसेच ओरडून गावे, अशी अपेक्षा आम्ही करीत नाही. गळा जपावा आणि अंतर माईकने कापावे, यासाठीच तर ते यंत्र आहे.

डायनॅमिक माईकची रचना अगदी सोपी आहे. जाळीच्या आत पातळ पडदा असतो, पडद्याला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते वेटोळे चुंबकाच्या खाचेत तरंगत असते. आवाजाने पडदा हलतो, त्याबरोबर वेटोळे हलते आणि तारेत वीज निर्माण होते. १८३१ साली मायकेल फॅरडेने जे तत्त्व दाखवले, तेच हे. आपला लाऊडस्पीकर याच्या नेमका उलट चालतो : तारेत वीज जाते आणि पडदा हलतो. माईकमधून निघणारी वीज मात्र फारच क्षीण असते. साधारण मोठ्या आवाजाला चांगला डायनॅमिक माईक एका व्होल्टचा सुमारे पाचशेवा भाग देतो. पुढचे सारे कष्ट मशीनचे.

दुसरा प्रकार कंडेन्सर माईकचा. तो अधिक नाजूक ध्वनी टिपतो, म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत त्याला मान आहे. परंतु त्याला बाहेरून वीज लागते, बहुधा ४८ व्होल्ट, आणि आपल्याकडच्या जुन्या मशीनमधून ती मिळत नाही. शिवाय जळगावचा मे महिना, लग्नसराईतली धूळ, पोरांच्या हातून पडणे आणि पावसाळी दमट हवा हे सर्व सोसायला डायनॅमिक माईकच बरा. उघड्या स्टेजसाठी आम्ही दुसरा विचारच केला नाही.

आता मुख्य गोष्ट दिशेची. काही माईक चारही बाजूंचे सारखेच ऐकतात. असा माईक स्टेजवर असला की भोंग्यातून आलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, मशीन तो वाढवते, तो पुन्हा भोंग्यातून येतो आणि हे चक्र क्षणार्धात शिट्टीत बदलते. गायनाला हृदयाकार क्षेत्राचा, म्हणजे कार्डिओइड माईक घ्यावा. तो समोरचे पूर्ण ऐकतो, बाजूचे कमी आणि पाठीमागचे जवळजवळ नाही. एकाच पडद्याचा असा डायनॅमिक माईक अमेरिकेतील शूअर कंपनीने १९३९ साली काढला. आज जगभर दिसणारा गोल जाळीचा एसएम५८ हा त्याच कंपनीचा, १९६६चा.

म्हणजे भोंगे आणि गायकासमोरचा स्पीकर माईकच्या पाठीकडे हवेत. सुपरकार्डिओइड नावाचा आणखी अरुंद प्रकार मिळतो, त्याला मात्र अगदी सरळ मागून थोडे ऐकू येते. त्याचा बहिरा भाग मागे तिरका असतो. घेताना दुकानदाराला हे अवश्य विचारावे, नाहीतर चांगला माईक चुकीच्या जागी ठेवला जातो.

एक खोड मात्र आमच्या बहुतेक गायकांना आहे, आणि ती टीव्ही पाहून लागली असावी. ते माईकची जाळीच मुठीत धरतात. या माईकला मागचे न ऐकण्याची शक्ती येते ती जाळीखालच्या भोकांमुळे. मूठ आवळली की ती भोके बुजतात, माईक चारही बाजूंचे ऐकू लागतो आणि शिट्टी येते. मग शिव्या साऊंडवाल्याला! माईक दांडीला धरावा.

अंतराचा हिशेबही असाच साधा आहे. तोंडापासूनचे अंतर निम्मे केले की माईकला मिळणारा आवाजाचा दाब सुमारे दुप्पट होतो, भाषेत सांगायचे तर ६ डेसिबल वाढ, आणि तीही मशीनला हात न लावता. त्या रात्री ती मुलगी वीतभर दूर होती. दोन-तीन बोटांवर उभी असती तर अर्धे दुखणे तेथेच मिटले असते. फार जवळ आल्यावर मात्र कार्डिओइड माईक आवाजातला जाड भाग फुगवतो. पातळ आवाजाला त्याने भरीवपणा येतो. आधीच घोगरा, जाड आवाज असेल तर शब्द गढूळ होतात. अशा गायकाने चार-सहा बोटे दूर राहावे.

शब्दांचाच विषय निघाला म्हणून मराठीची एक अडचण सांगतो. इंग्रजी माहितीपत्रके 'प' आणि 'ब' या अक्षरांनी माईक कसा धपधपतो ते सांगतात. आपल्या गाण्यात त्याहून जोरकस अक्षर ठायीठायी येते, ते म्हणजे 'भ'. 'भीम' म्हणताना ओठ उघडून हवेचा झोत बाहेर पडतो आणि नेमका तो झोत पडद्यावर आदळून 'धप्' असा आवाज होतो. ज्या शब्दासाठी लोक जमलेले असतात, तोच शब्द असा फुटावा, हे आम्हाला बरे वाटेना. म्हणून गोल जाळीचा, आत स्पंजचे अस्तर असलेला माईक घ्यावा आणि तो तोंडासमोर सरळ न धरता किंचित खालून, तिरका धरावा. झोत वरून निघून जातो, आवाज मात्र आत जातो. 'स', 'श', 'च' ही अक्षरे उंच कंपनांची; मागच्या रांगेला शब्द कळतो तो मुख्यतः २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यामुळे. गायनाचे चांगले माईक या भागाला थोडा उठाव देतात. एसएम५८चा पल्ला ५० ते १५,००० हर्ट्झ आहे. स्वस्त खोक्यांवर याहून मोठे आकडे छापलेले असतात. त्या आकड्यांवर जाऊ नये, कानावर जावे.

आता आमची चूक. पहिला माईक आम्ही बराच भारी आणला, तीन पिनांचा. मंडळाचे मशीन जुने, त्याला एकच जाड पिन लागते. आम्ही बाजारातून एक जोड आणून पिन बसवली आणि माईक लावला. आवाज इतका बारीक की सदस्यांनी आमच्याकडे पाहिले ते पाहिलेच. वर्गणीचे पैसे बुडाले असे काहींनी तोंडावर म्हटले. दोष माईकचाही नव्हता आणि मशीनचाही. जोडी जुळलेली नव्हती. चांगल्या माईकचा विद्युतरोध कमी असतो, दोन-तीनशे ओहमच्या आसपास. जुन्या मशीनची जागा हजारो ओहमच्या माईकसाठी बनवलेली होती. एका वायरमन मित्राने मध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर बसवून दिला आणि माईक बोलू लागला. छोटा मिक्सर घेतला तरी हे काम होते. आहुजा ही १९४० पासूनची आपली देशी कंपनी; तिची मशीन खेड्यापाड्यांत सर्वत्र आहेत आणि त्यांना जुळणारे तिचेच डायनॅमिक माईक स्वस्तात मिळतात. मंडळाकडे फक्त जुने मशीन असेल तर परदेशी नावामागे न लागता तसा माईक घेणे शहाणपणाचे ठरेल.

तीन पिनांच्या केबलचा मोठा फायदा लांबीत आहे. तिच्यातल्या दोन तारांतून एकच आवाज उलटसुलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेली विजेची गुणगुण मशीनपाशी आपोआप कटते. स्टेजपासून शंभर फुटांवर मशीन असले तरी चालते. साध्या पिनेची केबल पंधरा-वीस फुटांपलीकडे नेली की जनरेटरची घरघर गाण्यात मिसळते. धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर बाबासाहेब १९३७ साली मुक्कामी होते; त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला तेथे लोक जमतात. कुरणाचा डोंगर, वारा, पावसाची भुरभुर. अशा ठिकाणी गाणाऱ्यांनी माईकवर स्पंजची टोपी चढवावी, केबल लांब आणि तीन पिनांची न्यावी आणि जोड जमिनीवर ओल्यात पडू देऊ नये.

वाद्यांसाठी वेगळा माईक लागतोच असे नाही. ढोलकी आणि तबल्याला गोल जाळीची गरज नसते. चपट्या तोंडाचा एसएम५७ प्रकारचा माईक चामड्याच्या अगदी जवळ नेता येतो. ढोलकीला एकच माईक असेल तर तो बारीक आवाजाच्या पुडीकडे झुकता ठेवावा, कारण जाड ठोका तसाही सर्वत्र पोचतो. पेटीचा माईक भात्याजवळ ठेवू नये, फटफट येते. सूर निघतात त्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवावा. कीबोर्ड आणि पिकअप बसवलेला बुलबुलतरंग यांना माईक लावणे म्हणजे पैशाचा अपव्यय, ते तारेने थेट मिक्सरला जोडावेत. कोरसच्या चौघींना दोन माईक पुरतात.

माईक जितके जास्त तितके चांगले, हा समज मात्र खोटा आहे. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्यापूर्वी मशीन सुमारे ३ डेसिबलने कमी चालवावे लागते. आठ माईक मांडून सर्व चालू ठेवणारे स्टेज चार माईकच्या स्टेजपुढे मुके वाटते, ते यामुळेच. आम्ही चारच घेतले : दोन गायनाचे, एक ढोलकीचा, एक पेटीचा. कॉर्डलेसचा मोह टाळला. स्वस्त जोडीची बॅटरी भर गाण्यात जाते आणि शेजारच्या मंडपातला निवेदक आपल्या भोंग्यातून बोलू लागतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

खरेदीला जाताना आपला गायक आणि शक्य तर आपले मशीन बरोबर न्यावे. माईकवर फुंकर मारून किंवा टकटक करून काही कळत नाही. 'भीम', 'संघ', 'शिक्षण' असे शब्द समोरून, बाजूने आणि मागून म्हणावेत. मागून आवाज ठळकपणे पडला पाहिजे. माईक हातात फिरवून पाहावा, खरखर फार येत असेल तर तो स्टँडपुरताच. नावाजलेल्या माईकच्या हुबेहूब नकला बाजारात भरपूर आहेत, तेव्हा पक्के बिल घ्यावे. खरा एसएम५८ सुमारे ३०० ग्रॅमचा असतो. हातात हलका लागला तर शंका घ्यावी.

वापरानंतर गोल जाळी फिरवून काढता येते. ती साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने धुवावी आणि पूर्ण वाळल्यावरच बसवावी. आतल्या पडद्याला पाणी लागू देऊ नये. एकच माईक दहा तोंडांपुढे फिरतो, हे २०२० नंतर कोणाला समजावून सांगायला नको.

सन २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद ठेवावा लागतो; वर्षातील ठरावीक दिवशीच शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देते. एप्रिल हा परीक्षांचाही महिना. शब्द स्वच्छ असला तर मशीन निम्म्यावरही चालते, असा आमचा यंदाचा अनुभव आहे.

ती मुलगी अजून स्टेजवर आलेली नाही. मात्र गेल्या महिन्यात विहारात आम्ही नवा माईक लावून तपासत असताना ती आपणहून थांबली, दोन बोटांवर उभी राहून एक कडवे म्हणाली आणि मागच्या भिंतीशी बसलेल्या त्याच आजीबाईंना विचारून आली, शब्द कळले का म्हणून. चारही माईक, केबली आणि ट्रान्सफॉर्मर मंडळाच्या कपाटात आहेत. ज्यांना सराव करायचा आहे अशा विद्यार्थ्यांनी वहीत नोंद करून ते रविवारी सकाळी न्यावेत.