बुजरी घोरपड : पाळावी की राखावी ?

पुणे शहराच्या सीमा अलीकडे पुष्कळ विस्तारल्या आहेत. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट करण्यात आली. जेथे पूर्वी बांध, ताली व वारुळे होती, तेथे आता घरे उभी राहत आहेत. बांध मोडला की त्यावरील घोरपड निवारा शोधीत पंपाच्या खोलीत, कोंबड्यांच्या खुराड्यात अथवा इमारतीच्या आवारात शिरते. काही लोक तिला पाहताच काठी उचलतात. काही तरुणांना मात्र तिचे पिल्लू घरी नेऊन माणसाळवावे असे वाटते. परदेशात लोक घोरपडी पाळतात, मग आपण का पाळू नयेत, असा त्यांचा प्रश्न असतो. गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने या प्रश्नास 'कायद्याने मनाई आहे' एवढेच उत्तर दिल्यास ते पुरेसे होणार नाही. मनाईमागील कारण पटले, तरच ती पाळली जाते.

प्राण्याची ओळख

आपल्याकडे सर्वत्र आढळणाऱ्या घोरपडीचे शास्त्रीय नाव 'व्हॅरॅनस बेंगालेन्सिस' असे आहे. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह दीड मीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही लांब असते. ती दिवसा हिंडते. सकाळी उन्हात अंग तापविल्याशिवाय तिला नीट पळता येत नाही व खाल्लेले अन्नही पचत नाही. सापाप्रमाणे दुभंगलेली जीभ वारंवार बाहेर काढून ती वास घेते. भुंगेरे, मातीतील अळ्या, नाकतोडे, खेकडे, गोगलगायी, बेडूक, उंदरांची पिल्ले, लहान साप, पक्ष्यांची अंडी आणि मेलेली जनावरे असे तिचे खाद्य आहे. यावरून ती शेतकऱ्यास उपयुक्त आहे हे उघड होते. तथापि तिच्यामुळे कीडनियंत्रणाचे अन्य उपाय सोडून द्यावेत, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये.

पावसाळ्यात मादी जमीन उकरून, पुष्कळदा वारुळातच, सुमारे वीस अंडी घालते व वर माती लोटून निघून जाते. अंडी उबण्यास सहा ते आठ महिने, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. म्हणजेच श्रावणात घातलेली अंडी पुढील उन्हाळ्याच्या सुमारास फुटतात. तोपर्यंत ते वारूळ कोणी खणले किंवा बांध पेटविला, तर एक संपूर्ण वीण नष्ट होते.

बुजरेपणा व पकड

सिंहगडाच्या पायथ्याच्या गावांतून तानाजी मालुसरे यांच्या 'यशवंती' घोरपडीची कथा लहानांनाही ठाऊक असते. फेब्रुवारी १६७० मध्ये गड घेताना तिच्या कमरेस दोर बांधून मावळे कडा चढले, असे ही कथा सांगते. घोरपडे घराण्याच्या नावाशीही अशीच आख्यायिका जोडलेली आहे. इतिहासाचे बहुतेक अभ्यासक ही कथा ग्राह्य धरीत नाहीत. परंतु तिच्यामुळे घोरपड शिकविता येते व धन्याची आज्ञा ऐकते, असा समज रूढ झाला आहे.

वस्तुतः ज्या पकडीची एवढी कीर्ती आहे, ती पकड भीतीतून येते. संकटाची चाहूल लागताच घोरपड जवळच्या फटीत शिरते, नख्या रोवते आणि अंग फुगवून स्वतःस तेथे घट्ट बसविते. मग कितीही ओढले तरी ती निघत नाही. वाट न मिळाल्यास ती फूत्कार टाकते, शेपटीचा तडाखा देते आणि अगदी शेवटी चावते. बुजरेपणा हा तिचा दोष नव्हे. तेच तिचे संरक्षण होय. माणसास न बुजणारी घोरपड मोकळ्या रानात फार दिवस जगत नाही.

परदेशातील अनुभव

अमेरिकेत व युरोपात आफ्रिकेतील सॅव्हाना घोरपड, तसेच ऑस्ट्रेलियातील काही लहान जाती पाळल्या जातात. तेथील जाणकारांचा पहिला नियम असा, की रानातून धरलेला प्राणी घेऊ नये. बंदिवासातच जन्मलेले पिल्लू घ्यावे. निवड करताना डोळे स्वच्छ, अंग भरलेले, जीभ सतत बाहेर काढणारे आणि स्वतः होऊन खाणारे पिल्लू ते पसंत करतात. हातात निपचित पडून राहणारे पिल्लू शांत असेलच असे नाही. पुष्कळदा ते आजारी असते.

पिल्लू आणल्यावर काही आठवडे त्यास हात लावीत नाहीत. पाळणारा रोज पेटीजवळ नुसता बसतो. स्वतःचे वापरलेले वस्त्र आत ठेवून तो आपला वास परिचित करतो आणि लांब चिमट्याने खाद्य देतो. अनेक महिन्यांनी प्राणी पळावयाचे थांबतो. यास माया म्हणता येत नाही. या माणसापासून धोका नाही, एवढेच तो शिकतो. जबरदस्तीने वारंवार उचलल्यास आलेली सवयही मोडते.

एवढे करूनही कष्ट संपत नाहीत. खोल माती, कडक उष्णता देणारी जागा, फिरण्यास मोठे दालन आणि वीस वर्षांपर्यंतची निगा हे सर्व लागते. केवळ उंदीर चारून बसवून ठेवलेल्या घोरपडी लठ्ठ होऊन अकाली मरतात, हा तेथील नेहमीचा अनुभव आहे.

कायद्याची बाजू

भारतात घोरपडीच्या चार जाती आढळतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये आपल्या घोरपडीस अनुसूची १ मधील सर्वोच्च संरक्षण आहे. तिला धरणे, बाळगणे, विकणे अथवा मारणे या गुन्ह्यास तीन ते सात वर्षे कारावास आणि २०२२ च्या दुरुस्तीनुसार किमान २५,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. हौसेखातर बरणीत ठेवलेले पिल्लूही यातून सुटत नाही. विदेशी जातींबाबतही नोंदणीची बंधने आहेत.

या कडक तरतुदीस कारण आहे. मांस, कातडे आणि सांधेदुखीवरील तथाकथित तेल यांसाठी घोरपडींची फार हत्या झाली. 'हत्ताजोडी' या नावाने भाग्यवर्धक मुळी म्हणून विकली जाणारी वस्तू ही मुळी नसून नर घोरपडीची वाळविलेली जननेंद्रिये असतात. हा व्यापार २०१७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उघडकीस आला. कार्यकर्त्यांनी ही गोष्ट गावच्या बाजारात व जत्रेत आवर्जून सांगावी.

बांधावर राखण्याची रीत

ज्यास घोरपडीची खरी आवड आहे, त्याने प्राणी निवडण्याऐवजी जागा निवडावी.

१. शेताच्या एका कोपऱ्यातील वारूळ, दगडांची रास किंवा जुने पोकळ खोड तसेच राहू द्यावे.

२. बांध पेटवू नये. गवत कापून काढावे.

३. उंदरांसाठी विषारी आमिष वापरावेच लागल्यास ते बिळात टाकून बीळ बुजवावे. मेलेले उंदीर शोधून खोल पुरावेत. ते खाल्ल्याने घोरपडीसही विषबाधा होण्याचा धोका असतो.

४. कुत्रे तिच्या मागे सोडू नये व मुलांना दगड मारू देऊ नयेत.

५. कठडा नसलेल्या विहिरीत फांदी किंवा जाड दोर सोडून ठेवावा, म्हणजे पडलेला प्राणी वर येऊ शकेल.

एवढे केल्यास काही काळाने ती रोजच्या ठरावीक दगडावर उन्हास बसू लागते आणि औत घेऊन जाणाऱ्या धन्यास पाहूनही लगेच पळत नाही. बुजरेपणा इतकाच कमी होणे इष्ट आहे.

उपद्रव व प्रथमोपचार

घोरपड अंडी व लहान पिल्ले पळविते, ही तक्रार खरी आहे. परंतु ती दिवसा येत असल्यामुळे खुराडे केवळ रात्री बंद करून उपयोग होत नाही. अंडी सकाळी व दुपारी अशी दोनदा गोळा करावीत. खुराड्यास अर्धा इंच छिद्रांची तारेची जाळी लावून ती जमिनीत वीतभर गाडावी. पिल्ले मोठी होईपर्यंत जाळीतच ठेवावीत.

घोरपड घरात शिरल्यास शेपटी धरून ओढू नये. दार उघडे ठेवून सर्वांनी दूर व्हावे. वाट मिळताच ती जाते. न गेल्यास वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. तिच्या चाव्याने सापाप्रमाणे माणूस दगावत नाही. परंतु जखम चिघळू शकते. ती साबण व भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी.

शहर वाढत आहे व बांध कमी होत आहेत. उरलेल्या प्रत्येक बांधावर एक वारूळ राखणे शेतकऱ्याच्या हाती आहे आणि त्यास खर्च काहीच नाही. यंदा बांधबंदिस्तीचे काम काढण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांसमवेत शिवारात फिरून अशी वारुळे दाखवून द्यावीत.