डोंगरात घर बांधताय? आधी पाण्याची वाट शोधा

आज लोणावळ्याबद्दल बोलूया, पण भजी आणि टायगर पॉइंट बाजूला ठेवून. आजचा प्रश्न सरळ आहे: जिथे वर्षाला ४,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे घर कसं बांधायचं?

आधी एक सोपा हिशेब. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. म्हणजे १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाला ४ लाख लिटर. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर! त्यातलं बहुतेक पाणी चार महिन्यांत येतं. ते जाणार कुठे, हे ठरवणं म्हणजेच इथली आर्किटेक्चर.

हे कोडं मावळात जुनंच आहे. मळवलीजवळची भाजे लेणी बघा. बावीस लेणी, सुरुवात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. तिथे कातळात पाण्याची टाकीही कोरलीयेत. एका टाक्यावरच्या शिलालेखात दात्याचं नाव आहे: महारठी विण्हुदत. टाकं देणं हे नाव कोरून ठेवण्याइतकं मोठं दान होतं. लोहगड-विसापूरवरही अशीच टाकी आहेत.

खाली आलात की भाताची खाचरं. बांध घातलेलं प्रत्येक खाचर पाणी अडवतं, थोडं जिरवतं आणि उरलेलं हळूहळू खालच्या खाचरात सोडतं. आपला लाडका इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणला, तो याच शेतीसाठी. आता खाचरात भराव टाकून प्लॉट पाडले, तर ते पाणी थांबत नाही. रस्त्यावर येतं, नाहीतर खालच्या वस्तीत शिरतं.

उताराचं गणित आणखी नाजूक. आपल्याकडे खाली काळा कातळ आणि वर मातीचा थर. बंगल्यासाठी डोंगराचा पायथा कापला की वरच्या मातीचा आधार जातो. त्यात पाणी मुरलं की माती जड होते, सैल होते आणि घसरते. दरड कोसळणं म्हणजे काय, हे आपण ३० जुलै २०१४ ला माळीणमध्ये पाहिलं. सुमारे दीडशे माणसं गेली. १९ जुलै २०२३ ला घाटाखालच्या इर्शाळवाडीत पुन्हा तेच. म्हणूनच राज्याच्या बांधकाम नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकामाला बंदी आहे. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ, म्हणजे १:५. तसा तो फार उभाही वाटत नाही बरं का!

मग करायचं काय? डोंगर सपाट करण्यापेक्षा घरच उताराप्रमाणे पायऱ्यांनी उतरवा. जोतं उंच, छप्पर उतरतं, वळचण लांब. घराच्या वरच्या अंगाला चर खणा. संरक्षक भिंतीला पाणी बाहेर पडायला भोकं ठेवा, नाहीतर मागे साचलेलं पाणीच भिंत ढकलतं. अंगणभर फरशी नको. जांभूळ, हिरडा, करवंद राहू द्या, मुळं माती धरतात.

घरात कुणी सेकंड होमची जाहिरात दाखवली, तर व्ह्यू नंतर बघा. भर जुलैमध्ये प्लॉटवर जा आणि तीन गोष्टी विचारा: पाणी येतं कुठून? जातं कुठे? आणि आपण बांधल्यावर ते कुणाच्या दारात जाईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत टोकन देऊ नका.

भेटूया पुढच्या भागात. पावसात जपून!