टेम्पोवरचा वाद्यमेळ

संपादकांना जॅझ हवा होता. गिटारवाला, सोबत चार-पाच वादक, बीबॉप या जॅझच्या प्रकाराचा अल्बम आणि तेही लातूर-नांदेडकडून. मुंबई-गोव्याकडे बोट दाखवून मोकळं होता आलं असतं. तिथे ट्रंपेटवाला चिक चॉकलेट होता; सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या ‘अलबेला’त (१९५१) तो वादकांसह पडद्यावरही दिसतो. पण विजेवर चालणारं तारवाद्य, मोजके वादक आणि नोटेशनचा कागद न पाहता रात्रभर वाजवायची तयारी, एवढंच शोधायचं असेल तर आमच्याकडे ते दर लग्नसराईत टेम्पोवर चढलेलं असतं. मी बेंजो पार्टीकडे वळलो.

इतिहास थोडक्यात उरकतो. जपानमधल्या नागोयात गोरो मोरिता याने १९१२ मध्ये ताइशोगोतो हे वाद्य बनवलं. ताणलेल्या तारा आणि त्यांवर टाइपरायटरसारखी बटणं. ते इकडे येऊन बुलबुलतरंग झालं आणि महाराष्ट्रात बेंजो. अमेरिकेतल्या कातडं मढवलेल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही. गणपती, शिवजयंती, १४ एप्रिल, अण्णा भाऊंची जयंती आणि लग्नं, एवढ्या दिवसांवर त्याचं वर्ष चालतं.

मला खरं गुंतवलं ते बटणांनी. उजव्या हातात नखी, डावा हात बटणांवर. बटण दाबलं की त्याची पट्टी तारेला पडद्यावर टेकवते आणि ठरलेला स्वर निघतो. काही तारा चालीच्या, बाकीच्या षड्ज धरून घुमणाऱ्या. शिकायला सोपं म्हणून पोरं याच्याकडे येतात आणि इथेच फसतात. स्वर ठरलेला आहे, म्हणजे दोन बटणांच्या मधे काहीच नाही. सतारीची तार ओढता येते, गिटारची वाकवता येते. इथे ती पट्टीखाली अडकलेली. आणि आमची गाणी तर त्या मधल्या जागेतच राहतात! भीमगीतातली हाक, लावणीतला लचका, गवळणीतलं लाडिक खाली उतरणं, यातलं काहीही सरळ एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारून होत नाही.

लातूरला गंजगोलाईच्या बाजूला एका परण्यात, मारुतीकडे निघालेल्या नवरदेवापुढे, मी एका वादकाचा डावा हात बराच वेळ पाहत चाललो. मींड यायच्या जागी तो वरच्या बटणाला निसटता स्पर्श करून खाली यायचा, की लगेच नखीचा बारीक थरकाप. मधला स्वर वाजलेलाच नसतो, ऐकणारा तो आपल्या कानाने भरून घेतो. नाचणारी पोरं रंगात आली की तो अंतऱ्याकडे जायचाच नाही; ओळीचं शेपूट धरून फिरवत ठेवायचा, ताशेवाल्याने तिहाई मारली की सोडून द्यायचा. उन्हात पोलादी तार सैल पडते, सूर उतरतो. टेम्पो खड्ड्यात आदळला की आणखी उतरतो. दोन गाण्यांच्या मधल्या गोंगाटात, पेटीला कान लावून तो तारा पुन्हा चढवायचा. एवढ्या गलक्यात सूर लागला की नाही हे कुणाला कळणार होतं? त्याला कळत होतं. मला तेवढं पुरे होतं.

हे वाद्य रस्त्यावर टिकलं ते पिकअपमुळे. तारांखालचं चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं कंपनाची वीज करतं, भोंगा तिचा आवाज करतो. नेमक्या याच युक्तीने जॅझमधल्या गिटारचं नशीब फिरवलं. गिब्सनने १९३६ मध्ये ईएस-१५० ही विजेची गिटार काढली. तोवर ताल धरून मागे बसणारा गिटारवाला चार्ली ख्रिश्चनच्या हातात सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकेरी स्वरांची ओळ वाजवू लागला. न्यूयॉर्कच्या मिंटन्स क्लबमध्ये १९४१ साली तो रात्री-रात्री वाजवायचा. जेरी न्यूमन नावाच्या विद्यार्थ्याने आपलं तबकडी कोरायचं यंत्र नेलं, म्हणून त्यातलं थोडं उरलं. मार्च १९४२ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, क्षयाने ख्रिश्चन गेला. ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला आणि बीबॉपचं बाळपण बहुतेक न कोरलेलंच राहिलं.

बेंजोचं तर सगळंच आयुष्य तसं चाललं आहे. यूट्यूबवर व्हिडिओ ढिगाने आहेत, पण मोबाइलचा माइक भोंग्यापुढे गुदमरतो आणि कॅमेऱ्याला नवरदेवाचे मित्र हवे असतात. ऐकू येतो ढोल. बोटं त्याखाली गाडलेली.

अल्बमचं स्वप्न सिनेमाने पाहून झालं आहे. रवी जाधव यांचा ‘बँजो’ २०१६ च्या सप्टेंबरात आला. त्यात न्यूयॉर्कहून एक मुलगी बेंजोवाल्याला शोधत मुंबईत येते. बेंजोवाला झाले रितेश देशमुख, म्हणजे आमच्या लातूरच्या बाभळगावचे. त्याच वर्षी एप्रिलात, दुष्काळामुळे, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होतं. त्या उन्हाळ्यात सुपारी कुणी द्यायची आणि वाजवायचं कुणापुढे, हे त्या पटकथेला विचारून उपयोग नाही.

खरा अल्बम करायचा तर कायदा आडवा येतो, आणि तोही गमतीशीर. वरातीत कुणाचंही गाणं वाजवा. लग्नाच्या मिरवणुकीला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ ने सूट दिली आहे. तीच चाल रेकॉर्ड करून विकायला निघालात की कलम ३१-सी लागू. मूळ रेकॉर्डिंगला पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरायची. टेम्पोचं भाडं आणि जनरेटरचं डिझेल भागवून उरलेलं वाटून घेणाऱ्या पार्टीला हा आकडा वाचून दाखवणंही क्रूर आहे. बीबॉपवाल्यांनी यातून वाट काढली होती. गाजलेल्या गाण्याची स्वरसंगतीची चौकट ठेवायची, चाल टाकून नवी बसवायची. चार्ली पार्करचं ‘को-को’ (१९४५) असं ‘चेरोकी’च्या सांगाड्यावर उभं आहे. बेंजोवाल्याला ती सोय नाही. त्याच्या वाद्याला चौकट नाहीच, एकेरी चाल आणि खाली षड्ज. शिवाय वरातीला ओळखीची चालच हवी असते. ‘झिंगाट’ मागितल्यावर त्याच्या सांगाड्यावरचं काहीतरी वाजवलं, तर पोरं टेम्पोवर चढतील.

आवाजाचे नियम सगळ्यांना सारखे. रात्री दहानंतर भोंगे बंद, निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल. खुद्द ताशाच तेवढ्यावर थांबत नाही. पण नियम मोडायची स्पर्धा डीजेशी असते आणि तीत बेंजो हरतो. डीजेला तारा चढवाव्या लागत नाहीत, सहा जणांना जेवू घालावं लागत नाही. बऱ्याच पार्ट्यांत आता की-बोर्ड पुढे आणि बेंजो बाजूला असतो. की-बोर्डवर चाक फिरवलं की मींड येते, अगदी आयती. मी ऐकली. सुरात होती, आणि मला ती दुसऱ्या कडव्यापर्यंतही धरून ठेवू शकली नाही.

नांदेड किंवा लातूरमधल्या एखाद्या खोलीत, ढोल न वाजवता, दोन चांगले माइक लावून बेंजोच्या पारंपरिक चाली रेकॉर्ड करायला फार पैसे लागत नाहीत. जुन्या लोकचालींवर रॉयल्टीही नाही. ज्यांचा डावा हात ऐकावा असे वादक आता पन्नाशीपुढचे आहेत. आषाढात लग्नं थांबली की ते मोकळे असतात. गणपतीच्या सुपाऱ्या सुरू झाल्या की कुणी हाती लागत नाही.