अपघात अचानक घडत नाहीत!

कारखान्यात स्फोट झाला की पुढचे सारे ठरलेले असते. मंत्री भेट देतात, मदत जाहीर होते, चौकशी समिती नेमली जाते. आठ दिवसांत विषय मागे पडतो. मेलेल्या कामगाराच्या घरची चूल पेटली की नाही, हे पाहायला कुणी जात नाही. आणि पुन्हा एक स्फोट होतो. याला अपघात म्हणायचे काय?

भोपाळचे उदाहरण घ्या. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात एमआयसी या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरले. टाकी तापली आणि सुमारे 40 टन विष हवेत गेले. भिंतीपलीकडच्या झोपडवस्तीतील माणसे झोपेतच गुदमरली. हजारो मेले, लाखो बाधित झाले.

हे अचानक घडले काय? मुळीच नाही. डिसेंबर 1981 मध्ये याच कारखान्यात फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता. मे 1982 मध्ये कंपनीच्याच अमेरिकन तज्ज्ञांनी पाहणी करून त्रुटी लिहून दिल्या होत्या. कामगार संघटना ओरडत होत्या. पत्रकार राजकुमार केसवानी इशारे छापत होते. धडे डोळ्यांसमोर होते, पण शिकायचे कुणाला होते?

टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या रात्री बंद होती. गळालेला वायू जाळणारा मनोरा नादुरुस्त होता. वायू निष्प्रभ करणारा स्क्रबरही तयार स्थितीत नव्हता. एमआयसी विभागातील पाळीचे कामगार 12 वरून 6 वर आणले होते.

इथेच खरा धडा आहे. जोखमीचे मूल्यमापन करणारे कागदावर हिशेब मांडतात की, एक यंत्रणा बिघडली तर दुसरी आहे, दुसरी बिघडली तर तिसरी आहे. सगळ्या एकदम बंद पडणे जवळजवळ अशक्य! परंतु भोपाळमध्ये त्या योगायोगाने एकत्र बंद पडल्या नव्हत्या. कारखाना तोट्यात आहे, खर्च कमी करा, या एकाच धोरणाने सगळ्यांचा गळा आवळला होता. झडपेची जोखीम मोजली जाते. मालकाच्या काटकसरीची जोखीम कोण मोजणार?

भोपाळनंतर 1987 मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. घातक प्रक्रियेची माहिती कामगारांना व आसपासच्या लोकांना देणे बंधनकारक झाले. सुरक्षा समितीत कामगारांना मालकांइतक्याच जागा मिळाल्या. आता त्या कायद्याची जागा 2020 च्या संहितेने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले, प्रश्न मात्र तोच आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत 26 मे 2016 रोजी स्फोट होऊन 12 जणांचा जीव गेला. 23 मे 2024 रोजी त्याच वसाहतीत दुसऱ्या कारखान्यात पुन्हा स्फोट झाला, पुन्हा माणसे मेली. मधल्या आठ वर्षांत आपण काय शिकलो?

1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सरकार, मालक आणि कामगार यांनी एका टेबलाशी बसून निर्णय घ्यावेत, ही त्रिपक्षीय पद्धत त्यांच्या काळात रुजली. सुरक्षेलाही हेच लागू आहे. कोणती झडप गळते, कोणता मीटर खोटा आकडा दाखवतो, हे पाळीवरच्या कामगाराला सर्वात आधी कळते. त्याच्याशिवाय झालेले मूल्यमापन अपुरेच राहणार.

म्हणून आपल्या संघटनांनी मागणी केली पाहिजे. प्रत्येक चौकशी अहवाल मराठीत प्रसिद्ध करून कारखान्याच्या फाटकावर लावा. थोडक्यात टळलेल्या दुर्घटनांचीही नोंद ठेवा. कंत्राटी कामगाराला सुरक्षा समितीत बसवा आणि धोका सांगितला म्हणून त्याचे काम काढू नका. शेजारच्या वस्तीला वायुगळती झाल्यास कुठे पळायचे, हे आधी शिकवा.

कंत्राटी कामगार आपलाच आहे, भिंतीपलीकडची वस्तीही आपलीच आहे. मरणाचा पहिला वाटा आपल्या पदरात पडत असेल, तर सुरक्षेच्या निर्णयातही आपला वाटा असलाच पाहिजे!