हार मानायची तालीम

कोल्हापूरच्या तालमीत पाठ मातीला टेकली की कुस्ती संपते. ब्राझिलियन जिऊ-जित्सूत मात्र बऱ्याचदा खरी लढत तिथूनच सुरू होते. खाली पडलेला खेळाडू दोन्ही पायांनी प्रतिस्पर्ध्याला अडवतो, त्याचा तोल बिघडवतो आणि संधी मिळताच हात किंवा मान पकडीत घेतो.

ही विद्या मूळची जपानी. ज्युदो शिकलेले मित्सुयो माएदा १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले. कार्लोस ग्रेसी त्यांच्याकडे शिकले आणि पुढे ग्रेसी बंधूंनी रिओ दि जानेरोत ही विद्या वाढवली. धाकटे एलिओ अंगाने किरकोळ होते. त्यामुळे ताकदीपेक्षा तरफ आणि अचूक वेळ यांवर भर आला.

इथला पहिला धडा म्हणजे थोपटणे. पकड बसली आणि सुटका नाही असे दिसले, की प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थाप मारायची. समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. या एका विश्वासावर सगळा सराव चालतो. पाच-सहा मिनिटांच्या एका फेरीत नवखा चार-पाच वेळा थोपटतो, उठतो, हात मिळवतो आणि पुन्हा बसतो.

सोपे वाटते, पण तसे नाही. १९५१ मध्ये माराकाना स्टेडियममध्ये एलिओ आणि जपानचे मासाहिको किमुरा यांची लढत झाली. हात पुरता अडकला तरी एलिओंनी थोपटले नाही. शेवटी कार्लोस यांनी मध्ये पडून लढत थांबवली. ज्या पकडीने एलिओ हरले, तिला ग्रेसींच्या शिष्यपरंपरेतही आज ‘किमुरा’ म्हणतात. आपल्याला हरवणाऱ्याचे नाव शिकवणीत जपणे, हा मोठेपणाच.

पट्टे पाच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा. काळ्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात. त्यापुढे लाल पट्ट्यासाठी आणखी ४८ वर्षे. अनेक ठिकाणी वेगळी परीक्षा नसते. उस्ताद महिनोन्महिने पाहत असतो आणि एके दिवशी वर्ग संपताना पट्टा बांधतो.

निळा पट्टा मिळाल्यावर पुष्कळ जण हा खेळ सोडतात. काल आलेला एखादा दांडगा तरुण आपल्याला थोपटायला लावतो, तेव्हा कमरेचा पट्टा जड वाटू लागतो. मग काही जण हट्टाने थोपटत नाहीत. कोपर दुखावते आणि पुढचे काही महिने घरी बसून जातात. टिकतो तो, जो प्रगती वेगळ्या मापाने मोजतो. गेल्या महिन्यात अर्ध्या मिनिटात हरत होतो, आज तीन मिनिटे श्वास सांभाळून टिकलो, हीसुद्धा वाढच. अमेरिकेतील प्रसिद्ध शेफ आणि लेखक अँथनी बोर्डेन पन्नाशी उलटल्यावर पांढऱ्या पट्ट्यापासून शिकले आणि साठीच्या उंबरठ्यावर, २०१६ मध्ये, न्यूयॉर्कच्या स्पर्धेत आपल्या वयोगटात त्यांनी सुवर्णपदक मिळवले.

अबुधाबीत २००८ पासून शाळांमधून मुलांना हा खेळ शिकवला जातो. जगभरातले रोजेदार खेळाडू रमजानमध्ये सराव हलका ठेवतात किंवा इफ्तारनंतर मॅटवर येतात. दिवसभर भूक आणि राग आवरलेल्या माणसाला सब्र म्हणजे काय, हे तिथे वेगळे सांगावे लागत नाही.

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण, मराठीत कुस्तीगिरांची जागा. शब्द एकच. जिऊ-जित्सूच्या वर्गात हे दोन्ही अर्थ एकत्र येतात. फेरी संपल्यावर हरलेला विचारतो, ‘‘मला पकडलंस कसं?’’ आणि जिंकणारा पुन्हा मॅटवर बसून त्याला ती पकड सावकाश दाखवतो, तिच्यातून सुटायचे कसे, तेही.